जरा बोल्ड मार ना, भौ!

पांढुर्णा आणि सौसर या दोन गावांत पाट्या हिंदीत बोलतात आणि पाटीखाली उभी असलेली माणसं मराठीत. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेरमांडणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचा तेव्हाचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि आमच्याकडे तेव्हापासून एक सोयीची घडी बसली. अर्ज हिंदीत करायचा, भांडण मराठीत करायचं आणि उधारीचा विषय निघाला की समोरच्याला कळणार नाही त्या भाषेत बोलायचं. ही शेवटची सोय फारशी कामाला येत नाही, कारण इथे सगळ्यांना दोन्ही भाषा कळतात.

अशा या दुभाषी मुलखात एका गोष्टीवर मात्र संपूर्ण एकमत झालेलं आहे. पाटी खताच्या दुकानाची असो, नेत्याच्या वाढदिवसाची असो, कीर्तन सप्ताहाची असो की 'शुद्ध थंड पाणी'ची, अक्षर एकच. जाड, गोलगरगरीत, टोकांना कसली शेपटी नाही की फुलोरा नाही, पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत एकाच जाडीचं. टायपोग्राफीची पुस्तकं याला बोल्ड जिऑमेट्रिक सॅन्स सेरिफ म्हणतात. आमचा फ्लेक्सवाला 'तो जाडा' म्हणतो. दोघांपैकी फ्लेक्सवाल्याचं वर्णन मला जास्त शास्त्रशुद्ध वाटतं.

या अक्षराचा स्वभाव कळायला लग्नातले मोठे भाऊजी आठवावेत. मांडवात ते एकटे असे असतात की ज्यांना माइक लागत नाही. 'वऱ्हाड आलं रे!' हेही ते त्याच आवाजात सांगतात, 'वरण संपलं' हेही त्याच आवाजात, आणि नवऱ्या मुलीच्या आईच्या कानात काही गुपित सांगायचं असलं तर तेही त्याच आवाजात. माणूस मनाने चांगला. बस सुटताना, आचारी शोधताना, हरवलेलं पोर पुकारताना त्यांच्यावाचून पान हलत नाही. पाठवणीच्या वेळी मात्र घरातले शहाणे लोक त्यांना कुठल्या तरी कामाने बाहेर पाठवतात.

आमच्या पाट्यांनी भाऊजींना पाठवणीला उभं केलंय, एवढीच माझी तक्रार आहे.

भाऊजींचं मूळ गाव जर्मनी. १९२७ साली पॉल रेनर नावाच्या गृहस्थांनी 'फ्युचुरा' नावाचा टाइप काढला. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन यांच्यावर बेतलेलं अक्षर; इंग्रजी ओ म्हणजे डोळ्यांना अगदी कंपास फिरवल्यासारखा गोल. हाताच्या वळणाचा, लेखणीच्या कापाचा मागमूस नको, नव्या यंत्रयुगाला नवं अक्षर हवं, अशी त्यामागची धारणा होती. १९३३ साली नाझी सत्तेवर आल्यावर रेनरसाहेबांना अटक झाली आणि म्युनिकच्या मुद्रणशाळेतली नोकरी गेली. नाझींच्या सांस्कृतिक धोरणावर त्यांनी आधी टीका लिहिली होती. त्या सरकारला जुनं काटेरी जर्मन वळण प्रिय होतं. मग १९४१ साली त्याच सरकारने तेच काटेरी वळण ज्यूंचं ठरवून बाद केलं. सरकारं बदलली की पाट्या बदलतात हे आपण पाहिलेलं असतं, पण सरकार तेच राहून पाट्या बदलणं हा प्रकार जरा वरच्या इयत्तेतला आहे.

फ्युचुरा पुढे १९६९ साली चंद्रावर पोचला. अपोलो ११च्या मंडळींनी तिथे जो धातूचा फलक ठेवला त्यावरची अक्षरं याच वळणाची आहेत. मला यात अमेरिकेचं विशेष कौतुक वाटत नाही. प्लॉट ताब्यात आला की आधी बोर्ड लावायचा, बांधकाम पुढे सवडीने, ही रीत नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर दुतर्फा पाहायला मिळते. चंद्रावरही बोर्ड लागला आणि बांधकाम अजून सुरू नाही.

याच घराण्यातला दुसरा नामवंत म्हणजे 'गॉथम'. २००८ साली बराक ओबामांचा अख्खा निवडणूक प्रचार या अक्षरात झाला आणि जगभरच्या पुढाऱ्यांना कळलं की मतं भाषणाने मिळोत न मिळोत, फॉन्ट नीट पाहिजे. या गॉथमचं कूळ शोधत गेलं तर आपण पोचतो न्यूयॉर्कच्या बसस्टँडवर. खरंच. तिथल्या पोर्ट ऑथॉरिटी बस टर्मिनलच्या दर्शनी भागावर जी साधी, रुंद, कुणा इंजिनिअरने पट्टी घेऊन आखावीत अशी अक्षरं होती, ती पाहून टोबायस फ्रेर-जोन्स यांना या फॉन्टची कल्पना सुचली. तेव्हापासून सौसरच्या बसस्टँडवर गाडीची वाट पाहताना मी समोरच्या पाट्यांकडे आदराने पाहतो. यातल्या कोणत्या पाटीतून पुढचा राष्ट्राध्यक्ष निघेल सांगता येत नाही.

आता हे भाऊजी देवनागरीत आले ते सहज आले नाहीत. देवनागरी घडली बोरूने. बोरूचं टोक तिरकं कापलेलं, त्यामुळे हात वळेल तसं अक्षर कुठे जाड, कुठे बारीक. त्यात डोक्यावर शिरोरेषा, शिरोरेषेवर वेलांट्या, मात्रा, रफार, पायाशी उकार. अशा भरल्या घरात जाडजूड पाहुणा आला की पहिला प्रश्न जागेचा. रेघ जाड केली की शिरोरेषा तुळईएवढी होते, पोटातली पोकळी बुजते, आणि 'ष्ट्र', 'द्ध', 'क्ष' ही जोडाक्षरं दुरून काळ्या ठिपक्यासारखी दिसू लागतात. देवनागरीत कंपासवाल्याला खरोखर मनासारखं सापडतं ते एकच अक्षर, ठ. शिरोरेषेला टांगलेलं शुद्ध वर्तुळ. रेनरसाहेबांना आपली वर्णमाला दाखवली असती तर त्यांनी ठ पाहून टोपी काढली असती आणि झ पाहून ती परत घातली असती.

खिळ्यांच्या छापखान्यात या जाडेपणाला आपोआप लगाम होता. देवनागरी जुळवायची तर जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागत. ठळक टाइप म्हणजे तेवढ्याच खिळ्यांचा दुसरा संच, वेगळ्या पैशांचा, वेगळ्या घोड्यावर मांडलेला. त्यामुळे ठळक अक्षर जपून वापरलं जाई. मथळ्याला, फार तर नवरदेवाच्या नावाला. बापूराव नाईकांनी १९७१ साली देवनागरीच्या टायपोग्राफीवर तीन खंड लिहिले. तीन खंड लिहावेत इतकी ही लिपी जुळवायला अवघड. आता कंट्रोल आणि बी ही दोन बटणं दाबली की झालं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचं आमच्याकडे जे होतं तेच जाड अक्षराचं झालं. म्हणजे सगळ्यांनी सगळीकडे घेतलं.

पेंटरच्या काळातही अक्षर जाड असे, पण ते त्या पेंटरचं जाड असे. पाटी पाहून हात ओळखू यायचा. एकाच्या वेलांटीला झोक, दुसऱ्याच्या अक्षराला लाल सावली, तिसऱ्याचं 'आर्ट्स' हे कोपऱ्यातलं नाव दुकानाच्या नावाशी स्पर्धा करणारं. आणि प्रत्येकाच्या अक्षराला बोलीसारखा हेल असे. नागपूरकडे हात बसलेला पेंटर ल काढायचा तो दोन पाकळ्यांचा. छिंदवाड्याकडून, इटारसीकडून आलेला काढायचा तो उजवीकडे काठी धरून उभा राहिलेला. श चंही तेच, एकाचा देठाचा, दुसऱ्याचा गाठीचा. महाराष्ट्र शासनाने तर नोव्हेंबर २०२२मध्ये रीतसर निर्णय काढून मराठीत ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त असावा असं बजावलं. लोक म्हणतात राज्याची सीमा नकाशावर असते. मला विचाराल तर ती ल च्या पोटातून जाते. सौसरच्या अलीकडे पाकळी, पलीकडे काठी, आणि सौसरात ज्याला जे जमेल ते.

जाड भौमितिक फॉन्टाने हा हेल पुसून टाकला. त्याला गावच नाही. बहुतेक फॉन्टांत समोर दिसतो तो ल हिंदी वळणाचा. मराठी ल आत कुठेतरी ठेवलेला असतो आणि मजकूर मराठी आहे असं संगणकाला सांगितलं तरच तो बाहेर येतो. आमच्या फ्लेक्सवाल्याला मजकूर मराठी की हिंदी हेच नक्की ठाऊक नसतं, कारण मजकूर देणाऱ्यालाही नसतं, मग संगणकाला कोण सांगणार! 'जन्मदिवसाच्या हार्दिक शुभकामना' असा एक फ्लेक्स मी पाहिला आहे. ती कोणती भाषा हे मला सांगता येणार नाही, पण पांढुर्ण्यात ती सगळ्यांना कळली.

या घराण्यातल्या गुणी मुलांचीही ओळख करून द्यायला हवी, नाहीतर मी फक्त कुचाळक्या करतो असं वाटेल. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा 'पॉपिन्स' हा या जातीचा खरा कुलदीपक. २०१४ साली तो सगळ्यांना फुकट खुला झाला. त्याची देवनागरी निनाद काळे यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. केसासारख्या बारकाव्यापासून थेट काळ्याकुट्ट जाडीपर्यंत सगळ्या पायऱ्या त्यात आहेत. जिथे रेघा एकमेकींना मिळतात तिथे त्या हळूच निमुळत्या केलेल्या आहेत, म्हणून अक्षर जाड होऊनही पोट सुटल्यासारखं दिसत नाही. आणि त्यात एक गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी मी पॉपिन्सला सात खून माफ करायला तयार आहे. त्यातली इंग्रजी कॅपिटल अक्षरं देवनागरी अक्षरांपेक्षा ठेंगणी आहेत. महाराष्ट्राला दुकानांच्या पाट्यांवर मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नसावं यासाठी २०२२ साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली, व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले, २०२३ साली न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली, आंदोलनं झाली ती वेगळीच. पॉपिन्सने हेच काम दगड न उचलता केलं.

मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी काढलेली दोन जाड भावंडंही आमच्या ओळखीची. 'मोदक' हा तर नावाप्रमाणेच. त्याच्या पोटातली पोकळी शोधायला चष्मा लागतो. 'बालू' त्याहून जरा आटोपशीर, गुबगुबीत, भौमितिकपेक्षा प्रेमळ म्हणावा असा. तो जसजसा इतर लिप्यांत गेला तसतशी त्याला नाती चिकटत गेली. गुजरातीत बालू भाई, उर्दूत बालू भाईजान, गुरुमुखीत बालू पाजी, बंगालीत बालू दा, तमिळमध्ये बालू थंबी, मल्याळममध्ये बालू चेट्टन. देवनागरीत मात्र नुसता बालू. या बाबतीत आमच्याकडे कुणाला विचारलं असतं तर 'बालू भौ' हे नाव विनामूल्य मिळालं असतं. शिवाय बालू नावाच्या अस्वलावर आमचा शेजारहक्क आहे. किपलिंगची ती गोष्ट घडते सिवनीच्या डोंगरात, आणि सिवनी म्हणजे छिंदवाड्याला लागून असलेला जिल्हा.

तर अशी सगळी घरंदाज अक्षरं संगणकात बसलेली असताना प्रत्यक्ष फ्लेक्सच्या दुकानात काय होतं ते पाहण्यासारखं असतं. दुकान म्हणजे दहा बाय दहा, एक मुलगा, एक संगणक, मागे बसून मान पुढे काढलेली चार गिऱ्हाइकं. पडद्यावर दादांचा वाढदिवस. दादांचा फोटो मध्ये, वर मोठे नेते ओळीने, खाली शुभेच्छुक.

"नाव दिसून नाही राहिलं माझं," मागून एक काका म्हणतात.

"काका, चार फुटांत अठरा नावं हायेत. कसं दिसन?"

"मंग बोल्ड मार ना, भौ."

"बोल्डच हाय."

"अजून मार."

फॉन्टात अजून नसतं. मग मुलगा शेवटचं हत्यार काढतो, आउटलाइन. म्हणजे अक्षराच्या कडेकडेने त्याच रंगाचा आणखी एक थर. काकांच्या नावाखाली 'राष्ट्रीय उपाध्यक्ष' असतं, त्यातल्या ष्ट्र ची भोकं पहिल्या थरालाच बुजतात. दुसऱ्या थराला ध्य आणि क्ष एकमेकांना चिकटतात. तिसऱ्या थराला पूर्ण पदच एक काळा डाग होतं आणि कोणत्या संघटनेचे राष्ट्रीय उपाध्यक्ष हा प्रश्न उरत नाही.

"आता वाचता नाही येऊन राहिलं, काका."

"वाचाचं कोनाले हाय? दिसलं पायजे!"

मी हे ऐकलं आणि मला टायपोग्राफीचा अख्खा अभ्यासक्रम सुटल्यासारखं वाटलं. अक्षर वाचण्यासाठी असतं, या गैरसमजावर रेनरसाहेबांपासून निनाद काळ्यांपर्यंत सगळ्यांनी आयुष्य खर्ची घातलं. काकांना अक्षर हवंय ते हजेरीपुरतं. आणि अडचण अशी की काकांचं नाव जाड झालं की शेजारच्या पप्पूभौंचं बारीक दिसतं. मग पप्पूभौंचंही जाड. मग सतरा, मग अठरा. सगळी जाड झाली की फ्लेक्स पुन्हा मूळ पदावर येतो, फक्त शाई जास्त लागते. इतकं सगळं होईस्तोवर दादांच्या फोटोला जागा कमी पडते आणि दादांचा एक कान कापला जातो. कान गेल्याबद्दल तक्रार येत नाही. तक्रार येते ती नाव खालच्या ओळीत गेल्याची.

वाढदिवसापर्यंत हे ठीक आहे. वाढदिवसाला माणूस ओरडला तर बिघडत नाही. पण त्याच संगणकात, त्याच फाइलवर, श्रद्धांजलीचा फ्लेक्सही होतो. 'शुभेच्छुक' काढून 'शोकाकुल' टाकायचं, फुगे काढून समई लावायची, आकाशी पार्श्वभूमी काढून काळी-पांढरी. फॉन्ट तोच. 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही अक्षरं चौकात अशी उभी असतात की जणू दिवंगतांनी निवडणूक जिंकली. खाली पुन्हा अठरा शोकाकुल, समान जाडीचे. चुलत भावाचा शोक सख्ख्या भावाएवढाच ठळक. एका घरच्यांनी 'जरा बारीक अक्षर घ्या' असं म्हटल्याचं मी ऐकलंय, त्यावर दुकानातून उत्तर आलं, "बारीक घेतलं तर लोकाईले वाटन पैशे कमी दिले."

लग्नपत्रिका अजून त्यातल्या त्यात तग धरून आहे. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' ही ओळ बारीक, वळणदार अक्षरातच शोभते आणि पत्रिका छापणाऱ्यांनाही ते कळतं. ही कुटुंबं बाहेर हिंदीत कितीही वावरत असोत, पत्रिका मराठीत काढतात, निदान एका बाजूला तरी. जाड अक्षर पत्रिकेत शिरतं ते तळाशी, 'कृपया आहेर आणू नये' या ओळीत. जितकं जाड, तितका पाहुण्यांना संशय जास्त. आमच्या आत्याबाईंचा नियम आहे की ती ओळ ठळक असेल तर पाकीट न्यावं आणि बारीक असेल तर साडीही न्यावी. याचं तर्कशास्त्र त्यांनी कधी उलगडून सांगितलं नाही, पण त्यांची कुठे फजिती झाल्याचंही ऐकिवात नाही.

मराठी नाटकाच्या जाहिराती ज्यांनी कमल शेडग्यांच्या अक्षरात पाहिल्या आहेत त्यांना मी काय म्हणतो ते पटेल. शेडग्यांनी एकेका नाटकाला त्याचं त्याचं अक्षर दिलं. विनोदी नाटकाचं अक्षर वेगळं हसायचं, गंभीर नाटकाचं अक्षर वेगळं गप्प बसायचं. ते २०२०मध्ये गेले. त्यांच्या बातमीचे मथळेही काही ठिकाणी जाड भौमितिक अक्षरात आले असतील, आणि ते पाहून तेच हसले असते.

उलट, जिथे भाऊजी शोभतात तिथे त्यांना तोड नाही, हेही सांगितलं पाहिजे. इटारसी-नागपूर मार्गावर पांढुर्णा स्टेशनाची पिवळी पाटी घ्या. कितीतरी गाड्या इथे न थांबता धडधडत जातात. खिडकीतल्या माणसाला गाव वाचायला एक क्षण मिळतो. तिथे झोकदार वेलांटी काय कामाची? पिवळ्यावर काळं, जाड, सरळ, एका नजरेत पोटात जाईल असं अक्षर पाहिजे, आणि ते तसंच आहे. सौसरची गोष्ट थोडी वेगळी. नागपूर-छिंदवाडा ही छोटी लाइन होती तेव्हा गाडी इतकी निवांत जायची की पाटीवर एखादं प्रकरण लिहिलं असतं तरी प्रवाशांनी ते वाचून त्यावर चर्चा केली असती. आता लाइन मोठी झाली, वेग वाढला आणि अक्षर जाड असण्याला कारण मिळालं.

संत्र्याच्या हंगामातही तेच. पांढुर्णा-सौसर हा संत्र्याचा पट्टा. आंबिया बहार उतरला की कॅरेटच्या थप्प्या लागतात आणि प्रत्येक कॅरेटवर व्यापाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं रंगवलेली असतात, पत्र्याच्या साच्यातून. पत्रा कापून अक्षर काढायचं, साचा कॅरेटवर धरायचा, ब्रश फिरवायचा. इथे कळतं की जाड रेघ का लागते. बारीक रेघेतून रंग नीट उतरत नाही, आणि ओल्या हाताने, घाईत, ट्रक उभा असताना सुबक अक्षराचे लाड कुणी करत नाही. याच साच्यात ठ ची मात्र पंचाईत. वर्तुळ कापलं की मधला गोल पत्रा निखळून खाली पडतो आणि कॅरेटवर उमटते नुसती तबकडी. तो मधला भाग धरून ठेवायला दोन बाजूंनी पत्र्याच्या बारीक पट्ट्या सोडाव्या लागतात, म्हणून साच्यातला ठ नेहमी दोन ठिकाणी चिरलेला दिसतो. देवनागरीतलं सगळ्यात शुद्ध भौमितिक अक्षर भूमितीच्याच कामाला सगळ्यात नालायक ठरावं, हे मला फार आवडलं. मंडईत मात्र आद्याक्षरं दुरून ओळखू येतात, हमालाला वाचता येत नसलं तरी ओळखू येतात. कॅरेट चुकीच्या ट्रकमध्ये चढत नाही. अक्षराला याहून मोठं प्रशस्तिपत्र नको.

सूचनाफलकांबद्दल माझा अनुभव वेगळा आहे. 'येथे कचरा टाकू नये' हे अक्षर जितकं जाड, तितका खाली कचरा जास्त. अर्थात कचरा वाढला म्हणून अक्षर जाड केलं की अक्षर जाड झालं म्हणून कचरा वाढला, हे तपासायला हवं. पांढुर्ण्याच्या गोटमारीचंही, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेचंही, तसंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवलं जातं, त्यावर झेंडा, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव आणि मधून दगड. माणसं जखमी होतात, जीवही गेले आहेत, त्यामुळे दरवर्षी प्रशासन आदेश काढतं, आवाहनं करतं. एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी ते चेंडू बाजूला ठेवले. नदीकाठी तेवढ्या वेळेपुरतं सगळ्यांना लिहिता-वाचता येईनासं होतं, मग अक्षर कोणत्याही जाडीचं असो. बाहेरच्या जगात लोक फॉन्टावरूनही भांडतात. २००९ साली आयकिया या फर्निचरच्या कंपनीने फ्युचुरा सोडून व्हर्डाना घेतला तर जगभर निषेध झाले, सह्यांच्या मोहिमा निघाल्या. आमच्याकडे असं व्हायचं नाही. झेंड्यावरचं अक्षर कोणत्या फॉन्टात आहे यावरून इथे अजून कुणी दगड उचललेला नाही.

सौसरजवळच्या जामसावळीला हनुमानजी आडवे झाले आहेत. शांत, निवांत मूर्ती. भोवती मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या पुढाऱ्यांच्या स्वागताची अक्षरं ताठ उभी. तिथे तिरपा टाइप वापरायला हरकत नव्हती असं माझं नम्र मत आहे, निदान देवाच्या सोबतीला. याच जामसावळीला ऑगस्ट २०२३मध्ये 'हनुमान लोक' या मंदिर प्रकल्पाच्या भूमिपूजनाला आलेल्या मुख्यमंत्र्यांनी पांढुर्णा जिल्हा करण्याची घोषणा केली आणि ५ ऑक्टोबर २०२३ला जिल्हा झालाही. सौसर तालुका नव्या जिल्ह्यात आला. गावात फटाके वाजले, आणि त्याच रात्री सगळे फ्लेक्सवाले हिशेब करत बसले असणार. पाट्या, पावत्या, शिक्के, कमानी, दुकानांचे बोर्ड, सगळीकडे 'जि. छिंदवाडा' होतं.

अख्खा बोर्ड बदलण्यापेक्षा स्वस्त उपाय निघाला तो पट्टीचा. 'छिंदवाडा' एवढ्या भागावर 'पांढुर्णा' अशी पट्टी चिकटवायची. ऐकायला सोपं. बियाणं-खताच्या एका दुकानदारांनी तशी पट्टी करायला टाकली, अर्थातच सगळ्यात जाड फॉन्टात. छिंदवाड्याच्या मापाची पट्टी लांबीला पुरली, उलट उरली. पण उंचीला मार खाल्ला. पांढुर्णा हे नाव दिसायला छोटं, आणि त्याच्या पां वर टिंब, ढ ला खाली उकार, ण वर रफार. जाड अक्षरात ही तिन्ही बिऱ्हाडं चांगली ऐसपैस होतात. पट्टी कापली तेव्हा वरून टिंब आणि रफार गेला, खालून उकार गेला, आणि बोर्डावर आलं 'जि. पाढणा'.

फ्लेक्सवाल्याने सुचवलं, पट्टी मोठी करू. मोठी केली असती तर खालचा मोबाइल नंबर झाकला गेला असता. मग फॉन्ट बारीक करू म्हटलं, तर दुकानदार खवळले. तासभर चर्चा झाली. शेवटी त्यांनी स्वतः स्टुलावर चढून पट्टी उपटली, खालचा छिंदवाडा फडक्याने पुसला आणि खाली उतरत म्हणाले, "राहू दे जुनंच. गिऱ्हाईक दुकानात येते भौ, जिल्ह्यात थोडीच येते."